पाणी बेतानं पी

बाबा,

तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली आणि मी तुमच्यावर चिडले आहे ती आत्ता. गेल्या माणसावर चिडून काय मिळतं, असं आई म्हणते. ती बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पुदिना निवडत बसली आहे आणि मी लखनऊच्या अलीगंजमधल्या आपल्या या स्वयंपाकघरात, तुम्ही जेवायला बसायचात त्याच कोपऱ्यात, वही उघडून बसले आहे. दुपारचे अडीच वाजलेत. एरवी या वेळी मी साइटवर असते. आठ दिवस झाले, कंपनीनं मला 'चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसा' असं सांगितलंय. आईला मी रजा आहे म्हणून सांगितलं. रोज सकाळी डबा न भरता ती थोडा वेळ ओट्यापाशी नुसतीच उभी राहते.

मी पाचवीत होते तेव्हाचा एक दिवस तुम्हाला आठवतो का, मला ठाऊक नाही. मला तो अलीकडे फार स्पष्ट दिसतो. गरमी की छुट्टी चालू आहे, आईला बरं नाही, म्हणून तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून साइटवर घेऊन आला आहात. सरकारी क्वार्टर्सचं काम चाललंय, दुसरा मजला बांधून होतोय. तुम्ही मला सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीवर बसवता आणि समोर टेबलाशी हजेरीचं रजिस्टर उघडता. एक बाई घमेलं खाली ठेवून तुमच्यापाशी येते. पदर ओठांपर्यंत ओढलेला. ती काहीतरी इतक्या हळू बोलते की मला ऐकू येत नाही. तुम्ही मान वर करत नाही. हातातल्या पेनानं विटांच्या ढिगाकडे दाखवता आणि म्हणता, "उधर चली जाओ, ईंटों के पीछे." मी उंचावर बसलेली असल्यामुळे मला विटांच्या मागचं दिसतंय. तिथे ट्रकचे दोन ड्रायव्हर बिडी ओढत बसले आहेत. बाई अर्ध्यापर्यंत जाते, थांबते, परत येते, आणि घमेलं डोक्यावर घेऊन पुन्हा जिना चढायला लागते.

अर्ध्या तासानं मला लागली. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही रजिस्टर मिटलंत. मला स्कूटरवर घेतलंत आणि थेट छावनीत गेलात. आपल्या भंडाऱ्याकडचे एक मेजर तिथे राहायचे. कडुनिंबाचा रस्ता, माणूस नाही की आवाज नाही. त्यांच्या बाईंनी दार उघडलं. पांढऱ्या फरशीची बाथरूम, नवा साबण. मला त्यांनी बेलाचं सरबत दिलं. तुम्ही बुटाला सिमेंट लागलंय म्हणून आत आला नाहीत, बाहेर उन्हात उभे राहिलात. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. माझे बाबा माझ्यासाठी काम बंद करून एवढ्या लांब येतात, असं वाटलं होतं. आणि चार दिवसांनी जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "एक बाई न सांगता निघून गेली. या बाया टिकत नाहीत. चार दिवस झाले का चालल्या." आईनं वाढता वाढता विचारलं, "काहून गेली?" तुम्ही म्हणालात, "कोण विचारते त्यांना." आणि भाजी मागितलीत.

ती कोण बाई होती हे मला ओळखू आलं होतं. दहा वर्षांच्या मुलीलाही कळतं. मी बोलले नाही, हा माझा दोष. पण तुम्ही, बाबा. तुमची आई दुष्काळी कामावर कालव्याची माती वाहायची, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंत. रविवारी बुद्धवंदना झाली की तुम्ही हमखास तो विषय काढायचात. टोपली डोक्यावर घेऊन मला शिकवलं म्हणायचात, आणि तुमचा आवाज जड व्हायचा. एका हिवाळ्यात आजी इथे येऊन राहिली होती. तिच्या टाचांना मी व्हॅसलीन लावत होते तेव्हा ती मला म्हणाली होती, "दिवसभर धरून ठेवाचं, बाई. अंधारलं का मंग जायचं. पोटात कळा याच्या." ती हे मला सांगू शकली, तर तुम्हाला माहीत नसेल असं मी मानूच शकत नाही. तुम्ही त्या घरातून आलात. तुमच्या हातात पेन आल्यावर त्या पेनानं तुम्ही विटांचा ढीग दाखवलात. याचा मला राग आहे. दुसऱ्या कुणी दाखवला असता तर मी इतकी चिडले नसते.

मग माझी वेळ आली. डिप्लोमा झाला, पहिली नोकरी लागली, वृंदावन योजना या नव्या वसाहतीच्या पलीकडे एका खाजगी ठेकेदाराकडे. तिथे साइटवर मी एकटीच मुलगी होते. म्हणजे मुलगी इंजिनियर. माल वाहणाऱ्या बाया होत्या वीस-बावीस, पण त्यांना तेव्हा मी माझ्यात धरत नव्हते. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत जायला जागा नाही. पुरुष कुठल्याही भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. दोन महिन्यांत मला लघवीची जळजळ सुरू झाली, मग ताप आला, थंडी वाजून. डॉक्टरीण बाई माझ्यावर रागावल्या, "पाणी का नाही पीत?" मी याच स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, बाबा, मला ही नोकरी सोडायची आहे. कारण सांगताना मी आईकडे पाहून बोलत होते, तुमच्याकडे नाही. तुम्ही पोळीचा तुकडा मोडत होतात. तुम्ही म्हणालात, "एवढ्याशासाठी नोकरी सोडून राहिली तू? काम सोडणारे आपण नव्हे. सकाळी घरून जाऊन निघत जा. अन् पाणी बेतानं पी."

मी तसंच केलं. बारा-तेरा वर्षं मी दिवसाला दोन घोट पाण्यावर साइटवर उभी राहिले, लखनऊच्या मे-जूनमध्ये, लू वाहत असताना. माझ्या पोटात माझी मुलगी होती तेव्हासुद्धा. दोनदा दवाखान्यात राहिले. मला बघायला यायला तुम्हाला सवड असायची, दोन्ही वेळा तुम्ही संत्री घेऊन आलात आणि खुर्चीत बसून सोलून दिलीत. तुम्ही वाईट होतात असं मी म्हणत नाही. मी नोकरीत कायम झाले तेव्हा तुम्ही इथल्या लालबागेतून माझ्यासाठी सेफ्टी बूट आणलेत. बायकांच्या मापाचे बूट कुणी बनवतच नव्हतं, म्हणून पुरुषांतला सगळ्यात लहान नंबर, तोही दोन बोटं मोठा. तुम्ही जमिनीवर बसून पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून मला घालून पाहिलेत, चाल म्हणालात, पुन्हा काढलेत, पुन्हा कोंबलेत. तुम्हाला माझ्या पायांची इतकी काळजी होती. मला काय म्हणायचं आहे ते तुम्हाला कळतंय ना.

आता इकडचं सांगते. मी सध्या ज्या कंपनीत आहे, ती वृंदावन योजनेच्याही पुढे, शेतांमध्ये, बारा-बारा मजल्यांचे चार टॉवर बांधते आहे. मी प्रोजेक्ट इंजिनियर, केसांत पांढरं दिसायला लागलेली, सगळे मला 'मैडम जी' म्हणतात. यंदा मार्चपासून माणसं निघून जायला लागली. स्लॅबचे साचे लावणारे शटरिंगवाले गेले, प्लास्टरच्या दोन टोळ्या गेल्या, बाया तर सतत बदलायच्या. काम मागे पडलं. मग वरून एक फॉर्म आला. 'कामगार काम सोडण्याचा विचार का करतात' असा मथळा, खाली चौकोन : गावची शेती, सण-लग्न, दुसरीकडे जास्त मजुरी, प्रकृती, इतर. सोबत ऑफिसातला एक तरुण आला होता, पांढरा शर्ट, बोलायला गोड. तो मला म्हणाला, "मैम, असल में इन लोगों में लॉयल्टी नहीं होती." मला तुमचं वाक्य ऐकू आलं. या बाया टिकत नाहीत. तीस-पस्तीस वर्षांनी, दुसऱ्या तोंडातून, तेच. मी त्याला म्हटलं, तू खुर्चीत बस, मी विचारून येते.

आधी पुरुषांना विचारलं. एक सरिया, म्हणजे सळया, बांधणारा मिस्त्री, पन्नाशीचा, बाराबंकीचा, पंचवीस वर्षं हेच काम करणारा, म्हणाला, "मैडम, ठेकेदार का मुंशी हमको नाम से नहीं बुलाता. 'अबे' बुलाता है. हमारा लड़का साथ में काम पर आया था, उसके सामने भी अबे. लड़का दूसरे दिन से नहीं आया. अब हम भी सोचते हैं." दुसऱ्यानं पत्र्याची खोली दाखवली. आत सहा माणसं झोपतात, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. तिसरा म्हणाला, सुट्टी मागितली की हजेरी ठेवणारा तो मुंशी म्हणतो जा, मग परत येऊ नको, "तो फिर हम वापस नहीं आते, मैडम, हिसाब सीधा है." कुणीच शेती म्हणालं नाही. कुणी सण म्हणालं नाही. मजुरी दुसरीकडेही तेवढीच आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग बायांकडे गेले. अकरा जणी होत्या, छत्तीसगढकडच्या, एकाच गावाच्या आसपासच्या. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टॉवरच्या सावलीत बसायच्या. त्यांच्यात एक होती जिला सगळ्या काकी म्हणायच्या. वय माझ्याइतकंच असेल, पण समोरचे दोन दात नव्हते आणि हसताना ती तळहात तोंडावर धरायची. मी विटेवर बसले आणि विचारलं, काम सोडून जायचं मनात का येतं. मग काकी म्हणाली, "आप लिखोगे तो जो बोलें वही लिखोगे?"

"हाँ, वही."

"गरमी गाँव में भी है. वजन भी उठाते हैं, उसका कुछ नहीं. पर सुबह से शाम तक हम पानी नहीं पीते, मैडम."

"पानी तो है. टैंकर आता है."

"पानी है," ती म्हणाली, जशी एखाद्या मुलाला समजावते आहे. "पीएँगे तो जाएँगे कहाँ?"

मग इतर जणी बोलायला लागल्या. साइटभोवती आता पत्र्याचं कुंपण झालंय, शेतात जाता येत नाही. म्हणून दोघी-दोघी मिळून वर जातात, जिथे मिस्त्री पोचले नाहीत अशा मजल्यावर. एक दारात साडी धरून उभी राहते. प्लास्टरवाले एकेक मजला वर चढतात तशा यांनाही वर चढावं लागतं. आता आठव्यापर्यंत जावं लागतं. खाली यायला उशीर झाला की मुंशी सगळ्यांसमोर विचारतो, "कहाँ मर गई थी?" एक नुकती लग्न झालेली मुलगी म्हणाली, महिन्याचे ते चार दिवस असले की मी आजारी आहे सांगून खोलीवरच राहते. दोन वेळा राहिले तर म्हणतात, दुसरी आणू.

आम्ही तिथे प्रत्येक मजल्यावर आठ फ्लॅट आणि सोळा बाथरूम बांधत होतो. परदेशी नळ लागणार होते. आणि त्या बाया त्याच अर्धवट बाथरूममध्ये, चोरून, साडीच्या आडोशानं. मी तिथून उठले तेव्हा माझे कान तापले होते. मी 'इतर'च्या चौकोनात सगळं लिहिलं, मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं. प्रोजेक्टचे साहेब, माझे वरिष्ठ, फॉर्म वाचून म्हणाले, "मैडम, यह फेज टू में रखा है. अभी बनाएँगे कहाँ? गेट के पास तो सैंपल फ्लैट देखने वाले आते हैं, अच्छा नहीं दिखेगा." मी म्हटलं, सर, मागच्या बाजूला बांधू, दोन दिवसांचं काम आहे. ते म्हणाले, देखते हैं. मी आणखी काही बोलले नाही. दोन दिवसांनी तो फॉर्म परत आला, सोबत चिठ्ठी : कृपया दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडा. मी 'गावची शेती'वर खूण केली. हो, बाबा. तुमच्या मुलीनं खूण केली.

त्यानंतर वीस-एक दिवस गेले असतील. सकाळचे अकरा वाजले होते. काकी त्या नव्या लग्नाच्या मुलीला घेऊन आठव्या मजल्यावर गेली. तिथे बाथरूमच्या पाइपांसाठी प्रत्येक मजल्यावर चौकोनी पोकळी ठेवलेली असते. ती प्लायवूडच्या फळ्यांनी झाकायची असते. झाकली होती, मी स्वतः तपासली होती. पण आदल्या दिवशी कुणीतरी शटरिंगला फळी कमी पडली म्हणून ती उचलली आणि जागी एक सिमेंटचं रिकामं पोतं पसरलं. पोरगी दारात साडी धरून बाहेर तोंड करून उभी होती, म्हणून तिनं पाहिलं नाही. तिनं फक्त आवाज ऐकला. काकी एक मजला खाली, सातव्यावर पाइप बसवणाऱ्यांनी टाकलेल्या आडव्या फळ्यांवर अडकली. त्या फळ्या नसत्या तर तळापर्यंत काही नव्हतं. मी वर पोचले तेव्हा सरिया मिस्त्री आणि आणखी दोघं तिला बाहेर काढत होते. तिचा पाय कमरेपासून भलत्याच बाजूला वळलेला होता. ती ओरडत नव्हती. एका हातानं ती साडी गुडघ्याखाली ओढत होती. पुन्हा पुन्हा. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे, कोणी बघत नाहीये. पण बघत होते, सगळे बघत होते.

कमरेचं हाड मोडलं, हात मोडला. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा ती उशीला टेकून होती. काय बोलावं ते कळेना म्हणून मी नारळपाणी नेलं होतं. ती ते संपवून म्हणाली, "यहाँ सिस्टर लोग दिन भर पानी पिलाते हैं. नली लगाई है, उठना ही नहीं पड़ता. चार महीने में इतना पानी नहीं पिया, मैडम." ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. खरंच सांगत होती. मी तिथे रडले नाही. बाहेर स्कूटीपाशी आले आणि मला तुमचा इतका राग आला की किल्ली लागेना. का तुमचा, असं विचाराल. मुंशी होता, साहेब होते, फळी उचलणारा होता, मी होते. पण त्या क्षणी मला विटांच्या ढिगाकडे वळलेलं ते पेनच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अपघाताचा अहवाल समोर ठेवला. टाइप केलेला. 'महिला कामगार विनापरवानगी कामाच्या ठिकाणाहून दूर, काम नसलेल्या मजल्यावर गेली होती. सबब हयगय कामगाराची.' खाली माझी सही हवी होती. मी पेन काढलं आणि सहीच्या वर हातानं दोन ओळी लिहिल्या : ती पेशाब करायला वर गेली होती. या साइटवर बायकांसाठी शौचालय नाही. मग सही केली.

साहेबांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "यह क्या शब्द लिखा है आपने?"

"कौन सा, सर?"

"यही. रिपोर्ट ऊपर तक जाएगी. आप खुद लेडी हैं, आपको शोभा देता है?"

एक बाई मजल्यावरून पडली त्यानं त्यांना तसं काही झालं नव्हतं. तिचं कमरेचं हाड मोडलं त्यानंही नाही. त्या एका शब्दानं मात्र ते हादरले होते. मी म्हटलं, "सर, मग दुसरा शब्द सुचवा. ती कशाला गेली होती?" कागद बदलून टाका म्हणाले. मी बदलला नाही. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आहे, हेही त्यांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत मला घरी बसायचा आदेश आला.

गंमत बघा. पुढच्या तीन दिवसांत त्याच साइटवर, सळईच्या यार्डामागे, दोन शौचालयं उभी राहिली. विटांची, पत्र्याचं छप्पर, लोखंडी दार, आत कडी. सरिया मिस्त्रीनं मला फोटो पाठवला. तीन दिवस. बाराव्या मजल्याचा स्लॅब टाकायला आम्हाला जास्त वेळ लागतो. पण ती वापरायला कोणीच नव्हतं. काकीला दवाखान्यातून सोडताच उरलेल्या दहा जणी तिला घेऊन निघाल्या. चारबाग स्टेशनवर मी गेले होते. तिला दोघींनी खुर्ची करून उचललं होतं. त्या नव्या मुलीला मी म्हटलं, "अब बन गया है, रुक जाओ." ती म्हणाली, "पहले भी तो बन सकता था न, मैडम." मग तिनं गाठोडं उचललं. काकीनं खिडकीतून मला हात केला, दुसरा हात प्लास्टरमध्ये, म्हणून या वेळी हसताना तिला तोंड झाकता आलं नाही.

त्यांना मी मनातून सुद्धा पळपुट्या म्हणू शकत नाही. तुमच्याकडून शिकलेला शब्द होता तो. काम सोडणं म्हणजे कमीपणा, टिकणं म्हणजे माणूस. ते मी माझ्या हाताखालच्या कितीतरी जणांना ऐकवलं आहे, तुमच्याच सुरात. त्या जेव्हा निघून गेल्या तेव्हा त्यांनी जे सांगायचं ते सांगूनच टाकलं होतं. तुमच्या त्या बाईनंही सांगितलं होतं. तिला तुम्ही गैरहजर लावलंत.

माझी मुलगी काल म्हणाली, "मम्मी, छोड़ दो यह जॉब. इसमें सोचना क्या है?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी तिला तुमचं वाक्य सांगितलं, पाणी बेतानं पी. ती हसली नाही. म्हणाली, "नाना ने सच में ऐसा बोला था? आपको?" आणि उठून मला पाण्याचा ग्लास आणून दिला. राजीनामा टाइप करून ठेवला आहे. द्यायचा की चौकशीला सामोरं जायचं, ते उद्या ठरवीन. चौकशीत तुमचं नाव निघणार नाही, घाबरू नका.

आता एक राहिलं. तुम्ही असता तर मघाशीच विचारलं असतंत, कारण हिशेबात चूक राहिली की तुमच्या नजरेतून सुटायची नाही : मग एवढे दिवस तू कुठे जात होतीस? साइट ऑफिसच्या मागे एक शौचालय आहे, बाबा. फ्लॅट बघायला येणाऱ्या बायकांसाठी बांधलेलं, पांढऱ्या फरशीचं, कुलूप लावलेलं. त्याची एक किल्ली गेली दोन वर्षं माझ्या पर्समध्ये आहे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विटेवरून उठले तेव्हा काकी आणखी एक वाक्य बोलली होती. वर ते मी गाळलं. ती म्हणाली होती, "मैडम, आपके पास चाबी है न, दिन में एक बार खोल दो, हम साफ करके देंगे." मी म्हणाले, "देखते हैं." साहेबांनी मला ऐकवला, त्याच्याही आधी तो शब्द मी तिला ऐकवला होता. अहवालात मी लिहिलं की या साइटवर बायकांसाठी शौचालय नाही. ते तेवढं खरं नव्हतं. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आईला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आता कुणाला सांगणार नाही.